घर स्वच्छ आहे, तरी झुरळं का?

प्रश्न: आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी, एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. राहायला आलो आणि काही महिन्यांत स्वयंपाकघरात बारीक तपकिरी झुरळं दिसू लागली. मी रोज रात्री ओटा, शेगडी, सिंक घासून पुसूनच झोपते. आमचं घर घाणेरडं नाही. नवरा दर शनिवारी रात्री सगळीकडे स्प्रे मारतो. रविवारी सकाळी दहा-बारा मेलेली सापडतात आणि बुधवारपर्यंत पुन्हा तेच. आता बाथरूममध्ये एक मोठं, उडणारं झुरळही दिसलं. परवा सिंकखाली चक्क पांढरं झुरळ होतं. ही कुठली नवी जात? मध्यंतरी नणंद चार दिवस राहून गेली. जाताना म्हणाली, ‘घर स्वच्छ ठेवलं की झुरळं होत नाहीत गं.’ तेव्हापासून मी कुणाला घरी बोलवत नाही. रात्री पाणी प्यायला उठले तरी स्वयंपाकघरातला दिवा लावायची भीती वाटते. मुलीला दमा आहे, त्याची काळजी वेगळीच. नवरा म्हणतो, एकदाच जालीम उपाय करू, सगळ्या खोल्यांत औषधाचा धूर सोडणारे फॉगर लावू आणि दोन दिवस बाहेर राहू. मला वाटतं झुरळं शेजारून येत असावीत, तर शेजाऱ्यांशी बोलावं. तो म्हणतो, बोललीस तर आपलीच अब्रू जाईल. काय करावं?

उत्तर:

फॉगर लावू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचा शनिवार फार लांब नसेल. का नको, ते पुढे सविस्तर लिहिते.

तुमच्या मूळ पत्रात ‘आमचं घर घाणेरडं नाही’ हे वाक्य तीन ठिकाणी आहे. जागेअभावी वर ते एकदाच ठेवलंय. झुरळांनी छळलं नसेल इतकं नणंदेच्या त्या एका वाक्याने तुम्हाला छळलेलं दिसतं. आणि फॉगर लावावा का, शेजाऱ्यांशी बोलावं का, हे तुमचे दोन्ही प्रश्नही मला त्या वाक्यातूनच आल्यासारखे वाटतात. झुरळं होणं म्हणजे आपली चूक, असं मनाने घेतलं की माणूस एका रात्रीत सगळं संपवायला बघतो आणि कुणाला काही कळू देत नाही. झुरळांच्या बाबतीत घाई आणि लपवाछपवी दोन्ही अंगाशी येतात. म्हणून उपायांच्या आधी त्या वाक्याचाच विचार करू.

जगात झुरळांच्या सुमारे ४,६०० जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक जंगलात, पालापाचोळ्यात, झाडांच्या सालीखाली राहतात आणि माणसाच्या वाटेला कधी जात नाहीत. घरांशी संबंध येतो तो तीसेक जातींचा. तुमच्या स्वयंपाकघरात आहे ते जर्मन झुरळ असणार. ते जेमतेम दीड सेंटीमीटर लांब असतं, रंगाने फिकट तपकिरी, आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन समांतर गडद पट्टे असतात. हे पट्टे एकदा नीट बघून घ्या, म्हणजे ओळख पक्की होईल. हे झुरळ रानात कुठेच सापडत नाही. २०२४ मध्ये १७ देशांतल्या २८१ झुरळांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून असं दिसलं की साधारण २,१०० वर्षांपूर्वी दक्षिण आशियात, भारत किंवा म्यानमारच्या भागात, शेतात राहणाऱ्या एका झुरळापासून ही जात वेगळी झाली आणि तेव्हापासून माणसाच्या घरातच राहिली. पुढे ती माणसांच्या सामानातून जगभर पोचली. आजही ती तशीच येते. सामानाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून, कुणाकडून घेतलेल्या जुन्या फ्रिजमधून, प्रवासाच्या बॅगेतून, भिंतीतून जाणाऱ्या पाइपच्या कडेने. पोटाशी अंड्यांची कुपी धरलेली एक मादी आली तरी पुरे. कुपीत तीस-चाळीस अंडी असतात आणि उबदार घरात त्यांतली पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः अंडी घालण्याइतकी मोठी होतात. तुम्ही राहायला आल्यावर काही महिन्यांनी झुरळं दिसू लागली, म्हणजे ती तुमच्या खोक्यांतून आली असतील किंवा तुमच्या आधीपासूनच त्या घरात असतील. त्यात तुमच्या घासण्यापुसण्याचा दोष नाही.

मग स्वच्छतेचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तेवढ्यापुरतं नणंदेचं म्हणणंही खरं आहे. स्वच्छतेमुळे झुरळं येणं थांबत नाही, पण किती वाढतील यात तिचा मोठा वाटा असतो. फक्त आपण जी जागा स्वच्छ करतो आणि झुरळ जिथे जेवतं ती जागा यांत फरक असतो. तुम्ही ओट्याचा वरचा भाग लख्ख करता. झुरळ ओट्याच्या खालच्या कडेला उलटं बसलेलं असतं. शेगडी आणि भिंत यांच्या मधल्या तेलकट रेघेवर, केराच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूवर, खोक्यांच्या डिंकावर, साबणाच्या लगद्यावरही त्याचं भागतं. खायला काही मिळालं नाही तरी ते महिनाभर तग धरतं. पाण्याशिवाय मात्र त्याला दोन आठवडेही काढता येत नाहीत. त्यामुळे तुमच्या रात्रीच्या घासण्याइतकंच, किंवा त्याहून जास्त, महत्त्व सिंकखालच्या गळक्या सांध्याला आहे. झोपताना सिंक कोरडं पुसा, ओलं फडकं पिळून दुसऱ्या खोलीत वाळत घाला, फ्रिजच्या मागचा पाणी साठणारा ट्रे रिकामा करा. फ्रिजमागे कॉम्प्रेसरची ऊब, अंधार आणि पाणी एकाच जागी मिळतं, म्हणून त्यांची वस्ती बऱ्याचदा तिथे असते.

पांढऱ्या झुरळाला घाबरू नका. ती नवी जात नाही. झुरळ वाढताना कात टाकतं. जुनं कवच फोडून नुकतंच बाहेर आलेलं झुरळ मऊ आणि पांढरट असतं, डोळे तेवढे काळे दिसतात. काही तासांत कवच कडक होऊन ते पुन्हा तपकिरी होतं. अशा अवस्थेत झुरळ शक्यतो लपून बसतं, म्हणून ते सहसा दिसत नाही. सिंकखाली ते दिसलं याचा अर्थ वस्ती तिथेच जवळ आहे. या माहितीचा पुढे उपयोग होईल.

बाथरूममधलं मोठं उडणारं झुरळ हे प्रकरण वेगळं आहे. ते बहुधा अमेरिकन झुरळ. तीन-चार सेंटीमीटर लांब, लालसर तपकिरी. ते गटारात, तळघरात, सांडपाण्याच्या नळांत राहतं आणि मोरीतून वर येतं. त्याला मोठं व्हायला सहा महिने ते वर्ष किंवा त्याहूनही जास्त लागतं, त्यामुळे घरात ते लहान झुरळांसारखं भराभर वाढत नाही. मोरीवर बारीक छिद्रांची जाळी बसवा. वापरात नसलेल्या मोरीत किंवा बेसिनमध्ये अधूनमधून तांब्याभर पाणी ओतत जा, कारण नळीच्या वळणात पाणी उभं असेल तर खालून वाट बंद राहते. एवढं केलं की मोठ्या झुरळाची काळजी बरीचशी संपते. तुमची खरी अडचण लहान झुरळांची आहे.

आता शनिवारच्या स्प्रेबद्दल. रविवारी सकाळी मेलेली दहा-बारा दिसतात, म्हणून तुमच्या यजमानांना वाटतं की औषध लागू पडतंय, फक्त कमी पडतंय. पण स्प्रे लागतो तो मोकळ्यावर फिरणाऱ्या झुरळांना. अंड्यांची कुपी धरलेल्या माद्या त्या काळात खातात कमी, फिरतात कमी आणि फटीत आत बसून राहतात. कुपीच्या कवचामुळे अंड्यांपर्यंत औषध पोचत नाही. शिवाय बाजारातल्या बऱ्याच स्प्रेंमधलं औषध झुरळांना नकोसं वाटतं, त्यामुळे ती मरण्याऐवजी पांगतात. स्वयंपाकघरातली टोळी दिवाणखान्यात आणि झोपायच्या खोलीत जाते. आणि जी वाचतात ती औषध पचवणारी असतात, त्यांचीच पिल्लं पुढे वाढतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांना २०१९ मध्ये असं आढळलं की जर्मन झुरळांची औषध पचवण्याची ताकद एका पिढीतही कितीतरी पट वाढू शकते, आणि जे औषध त्यांनी कधी चाखलेलंच नाही त्यालाही ती दाद देईनाशी होतात. दर आठवड्याला नेमाने स्प्रे मारून आपण नकळत घरात चिवट झुरळांची निवड करत असतो.

फॉगर म्हणजे तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. त्याचा धूर वर जातो आणि खाली बसतो तो फरशीवर, ओट्यावर, गादीवर, मुलीच्या खेळण्यांवर. झुरळं असतात फटींच्या आत, कपाटाच्या फळीच्या खालच्या अंगाला, बिजागरीच्या पोटात. तिथे धूर जवळजवळ पोचतच नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी बाजारात मिळणारे चार प्रकारचे फॉगर लोकांच्या राहत्या घरांत लावून पाहिले. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. फॉगर लावलेल्या घरांत झुरळं कमी झाली नाहीत, औषधाचा अंश मात्र घरभर वाढला. त्याच अभ्यासात ज्या घरांत झुरळांना खायला घालायचं विषारी जेल लावलं तिथली झुरळं घटली. शिवाय फॉगरमधला वायू पेट घेणारा असतो, शेगडी किंवा गीझरची ज्योत चालू राहिली तर स्फोट होऊ शकतो. आणि घरात दम्याचं मूल आहे. दोन दिवस बाहेर राहून परत आल्यावर ज्या घरात ती श्वास घेणार, त्यात झुरळं तेवढीच आणि वर विषाचा थर, असा हा सौदा आहे. यजमानांची घाई मी समजू शकते. रोज तुमचा उतरलेला चेहरा बघून त्यांना काहीतरी मोठं करावंसं वाटत असेल. पण इथे मोठ्या उपायापेक्षा बारीकसारीक कामच उपयोगी पडतं.

सुरुवात शोधण्यापासून करा. यासाठी रात्री दिवा लावावा लागेल, ज्याची तुम्हाला भीती वाटते, म्हणून पहिल्या वेळी दोघं मिळून जा. घरातले दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात जायचं आणि झुरळं कुठे आहेत यापेक्षा उजेड पडल्यावर कुठे पळतात हे बघायचं. ती जिथे शिरतात तिथे त्यांचं घर. दुसऱ्या दिवशी उजेडात त्या जागा उघडून पाहा. कपाटाची बिजागरी, खणाच्या मागची पट्टी, ओट्याचा भिंतीला टेकणारा सांधा, फ्रिजच्या दाराचं रबर, मिक्सर आणि मायक्रोवेव्हचा तळ, भिंतीवरच्या घड्याळाची मागची बाजू. पूर्ण वाढलेल्या झुरळाला पाचेक मिलिमीटरची फट सर्वांत आवडते, पिल्लांना मिलिमीटर-दीड मिलिमीटरही पुरतो. बिजागरीजवळ काळे बारीक ठिपके दाट दिसले, पुसल्यावर ओघळ उठला, जवळ गेल्यावर कुबट तेलकट वास आला, तर जागा सापडली. ते ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. तिच्या वासावरूनच बाकीची झुरळं त्या जागी गोळा होतात, त्यामुळे ती धुऊन काढणं हाही उपायाचा भाग आहे.

जिथे खात्री होत नाही तिथे चिकट सापळे ठेवा. पाच-सहा पुरतील. ते खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीला टेकवून ठेवायचे, कारण झुरळं कडेकडेने चालतात. सिंकखाली, फ्रिजमागे, शेगडीच्या बाजूला, बाथरूममध्ये, आणि एक मुलीच्या खोलीतही. प्रत्येकावर तारीख आणि जागा लिहा, आठवड्याने मोजा आणि लिहून ठेवा. सापळ्यांनी झुरळं संपत नाहीत. पण ‘खूप झालीत, सगळीकडे आहेत’ या घालमेलीच्या जागी हातात एक आकडा येतो. सिंकखाली चौदा, फ्रिजमागे नऊ, बाकी शून्य, असं कागदावर दिसलं की मन बऱ्यापैकी शांत होतं, आणि औषध कुठे घालायचं तेही कळतं. अडकलेल्यांत पिल्लं किती हेही बघा. पिल्लं फार लांब जात नाहीत, त्यामुळे ज्या सापळ्यात ती जास्त, त्याच्या हाताच्या अंतरावर वस्ती असते.

मग जेल. सिरिंजसारख्या नळीत मिळतं, त्यात खाद्य आणि सावकाश काम करणारं विष मिसळलेलं असतं. सावकाश हाच त्याचा गुण. झुरळ ते खाऊन फटीत परत जातं, तिथे मरतं. त्याची विष्ठा आणि कधी त्याचं मेलेलं शरीरही पिल्लं खातात आणि त्यांनाही विष पोचतं. बाहेर न पडणाऱ्यांपर्यंत पोचायचा हा मार्ग स्प्रेकडे नाही. लोक जेल लावताना सहसा एक-दोन ठिकाणी भरपूर फासतात, तिथे चुकतं. तीन-चार मिलिमीटरचे बारीक थेंब, पण पुष्कळ, आणि नेमके त्या फटींच्या तोंडाशी. एका बिजागरीला एक थेंब, खणाच्या मागच्या कोपऱ्यात एक, पाइप भिंतीत शिरतो तिथे दोन. मुलीचा हात किंवा पाळीव प्राण्याचं तोंड पोचणार नाही आणि अन्नाची भांडी लागणार नाहीत अशाच जागी. थेंब खाऊन संपला असेल तर पुन्हा द्या, वाळला असेल तर खरवडून नवा द्या.

जेल लावलं की स्प्रे पूर्ण बंद. ही अट मोडली तर सगळी मेहनत वाया जाते, कारण स्प्रेचा वास आलेल्या थेंबाला झुरळ तोंड लावत नाही. जिथे शनिवारी स्प्रे मारला जात होता त्या जागा साबणाच्या पाण्याने पुसा आणि मगच जेल लावा. उग्र जंतुनाशकाने रोज त्या फटी पुसू नका. ओटा पुसा, फरशी पुसा, पण थेंबांच्या जागा सोडून. तुमची रात्रीची साफसफाई इथे खरी कामाला येते. दुसरं काही खायला नसेल तरच झुरळ जेलकडे वळतं.

दोन-तीन आठवड्यांनी आकडा खाली येत नसेल आणि थेंब तसेच पडून असतील, तर वेगळ्या घटकाचं जेल आणा. यामागे एक चकित करणारी गोष्ट आहे. ग्लुकोज घातलेल्या जेलला तोंड न लावणारी झुरळं १९९३ मध्ये पहिल्यांदा नोंदवली गेली, आणि २०१३ मध्ये त्याचं कारण सापडलं. त्या झुरळांच्या तोंडाशी असलेल्या चव ओळखणाऱ्या पेशींना ग्लुकोज कडू लागायला लागलं होतं. गोड आवडणारी मेली, न आवडणारी उरली. म्हणून एकाच नळीवर विसंबून राहायचं नाही, आणि पुढेही काही महिन्यांनी घटक बदलायचा. नाव वेगळं पण घटक तोच, असंही असतं, म्हणून वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचा.

बोरिक पावडरही चांगली आहे, पण कोरड्या आणि बंद जागीच. ओट्याच्या खालच्या पोकळीत, फ्रिजमागच्या भिंतीच्या कडेला, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ थर. ढीग घातला तर झुरळ वळसा घालून जातं. पाण्याने भिजली तर तिचा उपयोग नाही. मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ती अजिबात नको. कीटकनाशक खडू तर सहा वर्षांच्या मुलीच्या घरात आणूच नका, तो अगदी पाटीवरच्या खडूसारखा दिसतो. डांबराच्या गोळ्यांचा वास दमेकऱ्याला बाधतो. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने झुरळं पळवणारी यंत्रं काम करत नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

यजमानांना काहीतरी ठोस करायचंय ना, मग फटी बुजवण्याचं काम त्यांच्याकडे द्या. सिलिकॉनची नळी घेऊन ओटा आणि भिंतीचा सांधा, पाइपभोवतीची भोकं, कपाटामागच्या भेगा बंद करायच्या. एका दिवसाचं काम आहे आणि परिणाम कायमचा. फक्त जेलने आकडा बराच खाली आल्यावर ते करा, नाहीतर वस्ती आत कोंडली जाते आणि दुसरीकडून वाट काढते. पुठ्ठ्याची खोकी घराबाहेर काढा, सामान झाकणाच्या डब्यांत हलवा. पुठ्ठ्याच्या नळ्यानळ्यांसारख्या थरात झुरळांना राहायला आयतं घर मिळतं.

आता शेजाऱ्यांशी बोलायचं की नाही? बोला. तुमच्या यजमानांनी धरलेलं गृहीतक असं की बोललं तर त्यांना कळेल. पण इमारतीत पाइप, विजेच्या नळ्या आणि भिंतींच्या पोकळ्या एकाला एक जोडलेल्या असतात. तुमच्या स्वयंपाकघरात एवढी झुरळं असतील, तर लागून असलेल्या घरात, वर किंवा खाली, कुठे ना कुठे ती असण्याची शक्यता फार मोठी. त्यांनाही कळलेलं आहे. तेही कुणाला घरी बोलवत नसतील, तेही शनिवारी स्प्रे मारत असतील आणि त्यांची पांगलेली झुरळं तुमच्याकडे, तुमची त्यांच्याकडे, अशी ये-जा चालू असेल.

पण तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर मला थांबायचंय. ‘शेजारून येत असावीत’ असं तुम्ही लिहिलंय. नणंदेने जो दोष तुमच्यावर टाकला तोच तुम्ही नकळत शेजाऱ्यांवर टाकताय. तसं मनात ठेवून दार वाजवलंत तर तुमच्या स्वरातून ते कळेल आणि समोरचा लगेच म्हणेल, ‘आमच्याकडे नाहीत बुवा.’ स्वतःपासून सुरुवात करा. ‘आमच्याकडे झुरळं झालीत, आम्ही पुढच्या रविवारी जेल लावतोय. तुमच्याकडेही दिसत असतील तर एकाच आठवड्यात दोघांनी लावू, म्हणजे इकडून तिकडे जाणार नाहीत.’ एवढंच. कुठून आली हा विषयच काढू नका, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. हातात दोन जास्तीचे चिकट सापळे घेऊन गेलात तर आणखी बरं. ‘एक सिंकखाली ठेवून बघा’ म्हटलं की त्यांना तुमच्यासमोर काही कबूल करावं लागत नाही. घरमालकांनाही लेखी कळवा. पाइपभोवतीची भोकं, गळके नळ ही घराच्या दुरुस्तीची कामं आहेत, भाडेकरूने एकट्याने वाहायचं ओझं नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलंत तर आधी चार गोष्टी विचारा. जेल लावणार की फवारणी करणार, औषधातला घटक कोणता, घरात दम्याचं मूल आहे हे लक्षात घेऊन काय बदल करणार, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येणार का. एकदाच येऊन ‘वर्षभराची हमी’ देणाऱ्यापेक्षा सापळे लावून, मोजून, परत येणारा माणूस बरा. पिल्लांची वाढ थांबवणारं औषधही असतं, वस्ती मोठी असेल तर जेलच्या जोडीला त्याचा उपयोग होतो. तेही विचारून घ्या.

मुलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण झुरळं कमी झाली म्हणून तिचा त्रास लगेच कमी होईल असं नाही. झुरळांच्या विष्ठेत, लाळेत आणि टाकलेल्या कातेत ॲलर्जी आणणारी प्रथिनं असतात. ती वाळून धुळीत मिसळतात आणि झुरळं मेल्यानंतरही कित्येक महिने घरात राहतात. अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या ४७६ दमेकरी मुलांचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ज्या मुलांना झुरळांची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीत हा अंश जास्त सापडला, त्यांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल करण्याची वेळ बाकीच्या मुलांपेक्षा तिपटीहून जास्त वेळा आली. म्हणून मुलीच्या डॉक्टरांना घरात झुरळं आहेत हे स्पष्ट सांगा. हे सांगायला बऱ्याच आयांना संकोच वाटतो आणि मग डॉक्टर धूळ, हवा, ऋतू यांतच कारण शोधत राहतात. झुरळाची ॲलर्जी आहे का हे चाचणीने कळतं.

घरात तिच्यासाठी झोपायची खोली आधी. तिथे खाणंपिणं बंद, पलंग भिंतीपासून थोडा दूर, पांघरुणं-उशांची खोळ गरम पाण्यात धुवायची. स्वयंपाकघरात विष्ठेच्या जागा साफ करताना कोरडा झाडू वापरू नका, त्याने कण हवेत उडतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा, फडकं टाकून द्या, आणि त्या वेळी मुलगी घरात नसलेली बरी. बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फटींतली मेलेली झुरळं, काती, कुप्या त्याने ओढून घ्या. साधा व्हॅक्यूम नको, तो मागच्या बाजूने धूळ परत सोडतो. हे सगळं तिच्या औषधांच्या जोडीला करायचं. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर घर साफ झालं म्हणून आपल्या मनाने बंद करायचा नाही.

किती दिवस लागतील? पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सापळ्यातला आकडा ठळक उतरायला हवा. मधेच एखाद्या आठवड्यात पिल्लांची संख्या अचानक वाढलेली दिसेल. कुप्या फुटल्या असं समजा आणि जेल चालू ठेवा. बहुतेक लोक नेमके या आठवड्यात खचतात आणि स्प्रेची बाटली पुन्हा बाहेर काढतात, तेव्हा यजमानांना हे आधीच सांगून ठेवा. त्या पिल्लांनाही जेल लागू पडतं. पूर्ण शून्यावर यायला दोन-तीन महिने धरून चाला, लागून असलेल्या घरात उपाय होत नसतील तर त्याहून जास्त.

आणि शेजाऱ्यांनी ऐकलंच नाही तर? तसंही होतं, आणि त्यावरून भांडण करू नका. अशा वेळी सामायिक भिंतीकडची प्रत्येक फट सिलिकॉनने बंद करा, पाइपभोवती तारेची जाळी कोंबून वरून लिंपा, त्या भिंतीच्या कडेला जेलचे थेंब आणि दोन सापळे कायम ठेवा. सापळ्यात महिन्याला एखाददुसरं पूर्ण वाढलेलं झुरळ सापडेल. पिल्लं सापडत नसतील तर तुमच्या घरात वस्ती नाही असं खुशाल समजा. पिल्लू दिसलं की मात्र त्याच आठवड्यात त्या कोपऱ्यात नवं जेल लावा.